फसव्या रांगेतला नारिंगी पुतळा

मित्रांनो, मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात मुलांचं एक मैदान आहे. त्याच्या जाळीच्या कुंपणाला टेकून, एका कुशीवर झुकलेला नारिंगी पुतळा तुम्हाला दिसला, तर ओळखा की तो मी. मी सरावाचा पुतळा आहे, आणि आता चांगला जुना झालो आहे. मुलं मला डमी म्हणतात. मला तोंड नाही, हात नाहीत. छातीवर रंगवलेला तीनचा आकडा उन्हानं फिका पडला आहे. पोटाजवळची शिवण उसवून आतला स्पंज बाहेर डोकावतो. पण हे सगळं मी तुम्हाला दया यावी म्हणून सांगत नाही. माझा जन्मच मुळी धडका खाण्यासाठी झाला. ज्या पुतळ्याला कोणी कधी पाडलंच नाही, त्यानं काय मिरवायचं? मला कितीतरी मुलांनी पाडलं. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

तिचं नाव उमामा. तिचे वडील सादिक परकार मूळचे दाभोळचे. मस्कतच्याच हमरिया भागात त्यांचं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान आहे. एका बाजूला चहावाला, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्तीवाला, आणि मध्ये यांचं शिलाईयंत्र दिवसभर खडखडत असतं. टॅक्सीच्या सीटांसाठी आणलेलं नारिंगी रेक्झीन उरलं होतं, त्याची गुंडाळी दुकानाच्या कोपऱ्यात उभी असायची. तो मी. तेव्हा मला आकार नव्हता, पण जे कानावर पडायचं ते मी ऐकत होतो.

त्या हिवाळ्यात उमामा शाळा सुटल्यावर रोज दुकानात येऊन बसू लागली. सीटा काढून ठेवलेल्या एखाद्या गाडीत शिरायची, दार ओढून घ्यायची आणि नुसत्या पत्र्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायची. सादिकभाईंनी एक-दोनदा विचारलं, "काय गो, आज प्रॅक्टिस नाय?"

"कॅन्सल झाली, अब्बा," ती आतूनच म्हणायची.

प्रॅक्टिस काही कॅन्सल होत नव्हती. उमामानंच खेळ सोडला होता.

तो खेळ म्हणजे फ्लॅग फुटबॉल, अमेरिकन फुटबॉलचा धाकटा भाऊ. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू पायानं मारायचा नसतो. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा आपल्या गड्याकडे फेकायचा. दोन्हीकडे पाच-पाच गडी. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन फिती. चेंडूवाल्याची फीत ओढून काढली की तो तिथंच थांबला. त्याआधी त्यानं पलीकडची शेवटची रेषा ओलांडली तर गुण, आणि फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर तो डाव वाया. अंगाला धक्का लावायची परवानगी नाही. सुरुवातीला चेंडू जमिनीवर असतो. मधला गडी तो उचलून आपल्या कोणाच्या तरी हातात देतो, आणि चेंडू हलला की खेळ सुरू. चढाई करणाऱ्या संघानं कसं उभं राहावं याला फारसं बंधन नाही. म्हणूनच काही संघ मुद्दाम वेड्यावाकड्या रांगा लावतात. तिघं एका टोकाला घोळका करतात, एखादा आडोशाला उभा राहतो, कोणी गोंधळल्याचं सोंग करतो. समोरचा बुचकळ्यात पडला की डाव साधला.

उमामा बचाव करणारी. मधोमध उभी राहायची. एका सामन्यात समोरच्या संघाच्या मधल्या मुलीनं चेंडू उचलला आणि शेजारच्या निदा नावाच्या मुलीच्या हातात दिला. निदा पळाली नाही. चेंडू काखेत धरून, वैतागल्यासारखा चेहरा करून ती रमतगमत पुढं आली आणि उमामाला म्हणाली, "एक्स्क्यूज मी, हा राँग बॉल आहे. सरांकडून बदलून आणते."

उमामा बाजूला झाली. नुसती बाजूला झाली नाही, तर हात पुढं करून तिनं निदाला वाट दाखवली. दोन पावलं पुढं गेल्यावर निदा जी सुटली ती थेट शेवटच्या रेषेपर्यंत. उमामाचा हात तसाच पुढं राहिला होता.

कोणीतरी हे सगळं मोबाइलवर टिपलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांच्या फोनवर तेच. खाली सलाम ठोकणाऱ्या चौकीदाराचं चित्र चिकटवलेलं. तिचं नाव पडलं "वॉचमन". वर्गाच्या दारातून आत जाताना पोरं हात पुढं करून वाकायची आणि खिदळायची.

ही गोष्ट सादिकभाईंना बरेच दिवस माहीत नव्हती. शेजारच्या मोबाइलवाल्यानं हसत हसत त्यांना व्हिडिओ दाखवला. "सादिकभाई, ही तुमचीच पोर ना?" त्यांनी तो दोनदा पाहिला. हातातली कात्री खाली ठेवली, गाडीचं दार उघडलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"ह्याच्यासाठी तू हिते येऊन बसतेस?"

उमामानं गुडघे आणखी पोटाशी ओढले.

"कोनी वाट मागितली तर द्यावी, ह्या मीच तुला शिकवलाय. तू वाट दिलीस. चूक काय केलीस?"

"म्हणूनच तर फसले, अब्बा."

सादिकभाईंचा चेहरा पडला. ते म्हणाले, "मग सोड. खेळ गेला खड्ड्यात. जिथं चांगुलपनाला हसतात तिथं आपल्यासारख्यांनी जायचाच कशाला? बरा केलास सोडलास तो."

मित्रांनो, माणसांची मनं मोठी गंमतशीर. जो खेळ तिनं स्वतःच सोडला होता, तो सोड असं दुसऱ्यानं म्हटल्याबरोबर तिचे डोळे चमकले. गुडघ्यांभोवतीचे हात सुटले आणि मुठी वळल्या. कोपऱ्यातून मला ते दिसलं.

दोन दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. कापलेले केस, गळ्यात शिट्टी, पायात धुळीचे बूट. या सुगंधा मॅम, उमामाच्या संघाच्या प्रशिक्षक. मूळच्या तासगावच्या. कॉलेजात असताना कबड्डीत उजवा कोपरा राखायच्या आणि त्यांच्या हातून चढाईपटू सहसा सुटत नसे. उमामा त्यांना पाहताच एका गाडीत शिरून खाली वाकली.

मॅमनी तिची चौकशी केली नाही. "सादिकभाई, मला पाच पुतळे शिवून हवेत," त्या म्हणाल्या. "माणसाएवढे उंच नकोत, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांएवढे. ढकलले तर पडतील आणि उचलले तर उभे राहतील, असे."

"पुतळे कशाला, मॅडम?"

"आमच्याकडे पोरं कमी पडायला लागलीत. सरावाला समोर दुसरा संघ उभा करता येत नाही. आणि त्या निदाच्या संघाच्या फसव्या रांगा पोरांना समोर लावून दाखवल्याशिवाय समजणार नाहीत. थांबा, दाखवते." त्यांनी शिंप्याचा खडू उचलला, मला ओढून लाकडी टेबलावर पसरलं आणि माझ्यावर गोल काढायला सुरुवात केली. "हे तिघं इकडे. ही निदा इथं. चेंडू देणारी मधली मुलगी इथं..."

"तिथं नव्हती, मॅम."

आवाज गाडीतून आला होता. दार उघडलं. उमामा बाहेर आली, खडू घेतला आणि मॅमनी काढलेला गोल हातानं पुसून दुसरीकडे काढला. "ती इथं होती. थोडी तिरकी. माझ्याकडे पाठ करून."

"म्हणजे तुला नीट दिसत होतं?"

"सगळं दिसत होतं. खेळ सुरू झालाय, एवढंच कळलं नाही. मला वाटलं थांबलाय."

"शिट्टी वाजली होती?"

उमामानं खडू खाली ठेवला. "नाही."

"मग थांबला नव्हता," सुगंधा मॅम म्हणाल्या. "पुष्कळ ठिकाणी असला डाव चालवून घेत नाहीत. मी पंचांशी भांडून आले, उपयोग झाला नाही. पुढच्या वेळीही होईल याची खात्री नाही. पंच आपल्या हातात नाही. आपण आपल्या हातात आहोत."

"ती परत नाय येनार, मॅडम," सादिकभाई मध्येच म्हणाले. "पुतळे मी शिवून देतो. तिला राहू द्या."

"अब्बा, मी येणार," उमामा म्हणाली. तिची नजर वडिलांवरून हलली नाही. "एकदा फसले म्हणून मी मूर्ख नाही. आणि ते हसतात म्हणून मी घरी बसले, तर मग ते हसले ते बरोबरच होतं असं होईल."

सादिकभाईंनी हात वर करून सोडून दिले. "जा मग. यल्ला. माझा कोन ऐकतो हिते!" पण त्यांनी आमचं काम त्याच दिवशी हातात घेतलं, हे मी स्वतः अनुभवलं. जुन्या सोफ्यांचा स्पंज कापून त्याच्या चकत्या रचल्या. मधून प्लॅस्टिकचा पाइप घातला. तळाला वाळूची जाड पिशवी शिवली. वरून मला ताणून बसवलं आणि सीटला घालतात तशी दुहेरी शिवण घातली. आम्ही पाच भावंडं जन्मलो. मी तिसरा. गिऱ्हाईक असलेले एक ओमानी गृहस्थ आपली गाडी न्यायला आले तर दुकानात पाच नारिंगी पोरं ओळीनं उभी! त्यांनी आधी आम्हाला "सलाम आलेकुम" केला आणि मग पोट धरून हसले.

मित्रांनो, माझ्या कामाचे दिवस आता सुरू झाले. या खेळात माणसाला धक्का लावायचा नसतो, म्हणून जगातले सगळे धक्के आमच्या वाट्याला. वेगात येणारी मुलं आमच्यावर आदळायची. आम्ही पडायचो, ती उचलायची. पण आमचं खरं काम वेगळं होतं. आम्ही फसवणाऱ्यांच्या जागा घ्यायचो.

सुगंधा मॅम बचाव करणाऱ्या मुलांना पाठ फिरवायला लावत. मग उरलेल्या मुलांकडून आम्हाला ढकलत ढकलत एखादी चमत्कारिक रांग लावून घेत. टाळी वाजली की मुलांनी वळायचं, आम्हाला मोजायचं, आणि प्रत्येकानं आपला एक पुतळा निवडून मोठ्यानं ओरडायचं, "माझा!"

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आम्ही तिघं एका टोकाला चिकटून उभे होतो. चार मुलं आमच्यावर तुटून पडली आणि मधला पुतळा एकटाच राहिला. "तो बिचारा कोणाचा?" मॅमनी विचारलं. कर्णधार आकांक्षा म्हणाली, "पण मॅम, गर्दी तर इकडे आहे."

"गर्दी तुझ्यासाठीच केलीय गं. जत्रेत ढोल वाजतो तिकडे सगळे बघतात आणि खिसा कापणारा मागं उभा असतो. आधी मोजायचं. पाच दिसले की आपापला धरायचा. चार दिसले तर जागेवरून हलायचं नाही, पाचवा कुठंय ते शोधायचं."

एकदा त्यांनी मला मैदानाच्या कडेला पाण्याच्या मोठ्या पिंपाआड ठेवलं होतं. मुलं मोजत राहिली, चारच होत होते. उमामा सरळ पिंपापाशी आली, माझ्या डोक्यावर थाप मारली आणि ओरडली, "माझा!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लपलेल्यालाही सापडायचं असतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पळणाऱ्याला कसं अडवायचं हे सांगताना मॅमची कबड्डी बाहेर यायची. "चढाईवाला हातानं खोटं बोलतो, डोळ्यांनी खोटं बोलतो, तोंडानं तर बोलतोच. कंबर मात्र खोटं बोलत नाही. कंबर जिकडे, माणूस तिकडे. कमरेवरून नजर हलवायची नाही."

हे सगळं उमामाला लवकर जमलं. एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. सराव चालू असताना मॅम चेंडू काखेत धरून तिच्याकडे येत आणि गोड आवाजात म्हणत, "एक्स्क्यूज मी, बाळा, जरा..." आणि उमामा बाजूला होई. तिला कळत असे, तरी पाय हलत. घरातलं वळण अंगात मुरलेलं होतं. मुलं हसू दाबत. झैन नावाच्या एका मुलाला एकदा ते दाबता आलं नाही. "वॉचमन!" तो हळूच म्हणाला.

उमामा वळली आणि धावत येऊन तिनं मला असा धक्का मारला की मी चार हात लांब जाऊन पडलो. माझ्या पोटाची शिवण तेव्हा पहिल्यांदा फाटली. ती माझ्याजवळ आली, मला उभं केलं, रेक्झीनवरची माती झटकली आणि पुटपुटली, "सॉरी हं."

मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं, सॉरी कसलं म्हणतेस? मार आणखी! पण ती सॉरीच म्हणणार. ती तशीच होती. आणि ती तशी होती म्हणूनच पुढची गोष्ट घडली.

त्या संध्याकाळी सादिकभाई तिला न्यायला आले तेव्हा ती माझ्या बुडाशी, वाळूच्या पिशवीवर बसली होती. "अब्बा, मला नाही म्हणता येत नाही," ती म्हणाली. "कोणी नीट विचारलं की माझे पाय आपोआप सरकतात."

सादिकभाई तिच्या शेजारी बसले. आता ते तिला खेळ सोड म्हणत नव्हते. त्यांनी माझ्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आपल्याकडे पाहुना जायला निघाला की तुझी अम्मी काय करते?"

"काय करते? लिफ्टपर्यंत जाते. खाली गाडीपर्यंत जाते. गाडीच्या खिडकीत पन बोलतच असते." बोलता बोलता ती वडिलांचीच बोली बोलायला लागली होती.

"माझी आय तर दाभोळला जेटीपर्यंत जायची. पाहुना होडीत बसला की मगच घरी. वाट द्यायची म्हनजे त्याला सोडून द्यायचा असा कोनी सांगितला? वाट दे. पन पोचवायला जा ना सोबत!"

उमामानं झटकन वर पाहिलं. मग उठून उभी राहिली. "मॅम!" तिनं हाक मारली. "मला परत एकदा एक्स्क्यूज मी म्हणा."

सुगंधा मॅम चेंडू घेऊन आल्या. "एक्स्क्यूज मी, बाळा..."

उमामा एक पाऊल बाजूला झाली आणि त्यांच्या बरोबरीनं चालू लागली. मॅम डावीकडे वळल्या, ती डावीकडे. मॅमनी एकदम धूम ठोकली, तर दुसऱ्याच पावलाला त्यांची फीत उमामाच्या हातात होती. मॅमनी ती फीत बघितली आणि त्यांना असं काही हसू फुटलं की त्या गवतावर बसल्याच.

मित्रांनो, त्याच संघाशी आमचा पुन्हा सामना ठरला. शुक्रवारी, दुपारचं ऊन कलल्यावर, अल मवालेहच्या एका मैदानात. आम्हा पाचही भावंडांना पिकअपमध्ये टाकून नेलं आणि मैदानाच्या कडेला उभं केलं. सादिकभाई दुकान बंद करून आले होते. खास शुक्रवारचा पांढरा कुर्ता घालून ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

समोरच्या संघाचे सर चतुर होते. त्यांनी नाना तऱ्हेच्या रांगा लावल्या. तिघं एका टोकाला, मधली मुलगी एकटी. आमच्या मुलांनी मोजलं, "माझा! माझा!" करत एकेकाला धरलं, आणि डाव फसला. मग ते आपसात भांडल्याचं सोंग करू लागले, एकमेकांना जागा चुकल्याचं ओरडून सांगू लागले. आमची मुलं त्यांच्या कमरांकडे बघत शांत उभी राहिली. तो डावही वाया गेला. साध्या खेळात मात्र ते खरोखरच चांगले होते आणि त्यांनी गुण मिळवले. आमच्यातली आकांक्षाही वाऱ्यासारखी पळाली. शेवटी आम्ही एका गुणानं पुढं होतो. त्यांच्या हातात एकच डाव उरला होता. तो साधला तर सामना त्यांचा.

माझ्या मागं उभ्या असलेल्या एका पालकांनी शेजाऱ्याला सांगितलं, "ती मधली मुलगी बघ. व्हिडिओतली वॉचमन."

सादिकभाईंनी मान वळवली. मला वाटलं, आता भांडण होणार. ते शांतपणे म्हणाले, "होय. माझीच मुलगी ती. वॉचमनचा काम काय असता, आता बघत राहा."

शेवटच्या डावाची रांग लागली. चौघं डावीकडे जवळजवळ उभे. पाचवी निदा उजवीकडे, उमामासमोर. तेवढ्यात त्यांचे सर कडेवरून ओरडले, "निदा! तू नाही, तू बाहेर ये! लवकर!" निदानं कपाळावर हात मारला आणि मान खाली घालून मैदानाच्या कडेकडे चालू लागली. उमामाजवळून जाताना म्हणाली, "सॉरी, एक्स्क्यूज मी."

उमामा एक पाऊल बाजूला झाली. मैदानाभोवती हशा पिकला. बघ्यांपैकी कोणीतरी तोंडानं शिट्टी मारली. सादिकभाईंची बोटं माझ्या रेक्झीनमध्ये रुतली.

आणि उमामा निदाच्या बरोबरीनं चालू लागली.

"उमामा, कुठं चाललीस?" आकांक्षा ओरडली. "मध्ये ये! बॉल इकडे आहे! ते चौघं आहेत, आपण चौघं, मध्ये कोणीच नाही!"

"नाही," उमामा म्हणाली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"उमामा, प्लीज! कम बॅक!"

"चार मोजलेस तू. ही पाचवी. माझी."

निदा आता कडेच्या रेषेपासून हातभर अंतरावर होती. तिचा चेहरा बाहेर, तिच्या सरांकडे होता. पण कंबर? मित्रांनो, मी समोरच उभा होतो, मला स्पष्ट दिसलं. कंबर पुढच्या मैदानाकडे वळली होती. ती रेषेच्या बाहेर गेलीच नाही. डावीकडे चेंडू हलला, चौघांनी गलका केला, आणि निदा रेषेच्या आतून तीरासारखी सुटली. चेंडू वर उडाला, सगळ्यांच्या डोक्यांवरून लांब उजवीकडे. त्यांच्या हिशेबानं तिथं अडवायला कोणीच नसणार होतं. पण निदाच्या खांद्याला खांदा लावल्यासारखी, तरी स्पर्श न करता, उमामा पळत होती. निदानं हात वर केले. उमामानं उडी मारली. तळहाताचा फट् असा आवाज झाला आणि चेंडू गवतावर आपटून वेडावाकडा उड्या मारत माझ्या पायाशी येऊन थांबला.

पंचांनी लांब शिट्टी वाजवली. आता खेळ खरोखरच संपला होता.

मुलं उमामावर तुटून पडली. आकांक्षा तर तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी तुला परत बोलावत होते गं, आणि तू ऐकलं नाहीस!" सादिकभाई मैदानात गेले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि माझं रेक्झीन थोडंसं ओलं झालं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगतो आहे.

थोड्या वेळानं निदा आली. दोघी माझ्यापासून दोन हातांवर उभ्या राहिल्या.

"तुला कसं कळलं की मी बाहेर जाणार नाही?" निदानं विचारलं.

"कळलं नव्हतं. तू माझी होतीस, एवढंच माहीत होतं. तू घरी गेली असतीस तर मी घरापर्यंत आले असते."

निदाला हसू आलं, मग ते विरलं. "तो व्हिडिओ मी टाकला नव्हता."

"हसली होतीस."

"हो," निदा म्हणाली. "हसले होते."

उमामानं पाण्याची बाटली उघडली, स्वतः प्यायली आणि मग तिच्यापुढं धरली. निदानं ती घेतली. दोघी मैत्रिणी झाल्या का, ते मला माहीत नाही. पण वर्गाच्या दारात वाकून हात पुढं करणारी मुलं मात्र गप्प झाली, असं आकांक्षा एकदा म्हणाली. एकटा झैन अजूनही तिला वॉचमन म्हणे. आता तो ते वेगळ्या आवाजात म्हणायचा, आणि ती ओ द्यायची.

त्यानंतर पुष्कळ हंगाम गेले. उमामा मोठी झाली, शिकायला दुसऱ्या देशात गेली. माझं पहिलं भावंड पावसाळी वादळाच्या पुरात वाहून गेलं. दुसऱ्याला शेळ्यांनी खाल्लं, म्हणजे स्पंज खाल्ला आणि कातडं टाकून दिलं. चौथ्याचा पाइप मोडला. पाचवा कुठं गेला ते कोणालाच ठाऊक नाही. लपण्यात तो पहिल्यापासून पटाईत. मग परदेशातून निळे, गुळगुळीत पुतळे आले. त्यांना चाकं आहेत. ते पडतच नाहीत, नुसते डोलतात. मला कुंपणापाशी सरकवण्यात आलं. उन्हाळ्यात माझी कातडी तडकते. धुळीचं वादळ आलं की मी आडवा होतो, आणि कधी कधी आठवडाभर तसाच पडून राहतो. जाणारी-येणारी मुलं माझ्यावर बूट ठेवून नाड्या बांधतात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा कचरा कशाला ठेवलाय?"

कचरा? मित्रांनो, जितक्या फसव्या रांगा मी आतून पाहिल्या तितक्या त्या निळ्या पुतळ्यांनी स्वप्नातही पाहिल्या नसतील. मी खोटा गडी झालो, लपलेला गडी झालो, विसरलेला गडी झालो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी धावत येऊन म्हणालं, "माझा!" माझी वाळू अजून जड आहे. माझा पाइप अजून ताठ आहे. आणि माझं काम संपलं असं मी अजून म्हटलेलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कोणी फसलं, तर त्याचा फोटो काढण्याआधी त्याला फसवलं कोणी ते बघा. आणि ज्या वस्तूंवर तुम्ही शिकता, त्यांना थोडं जपा. उसवलं तर टाका घाला. सराव संपला की सावलीला न्या. मी आडवा दिसलो तर वळसा घालून जाऊ नका. मला उभं करायला फक्त दोन हात लागतात. तेवढे द्या. आणि मग या, जोरात धावत या, आणि पाडून दाखवा.